भाड्याच्या घरातली ओल आणि बुरशी: नाशिकमध्ये कुणी काय करायचं

जुलै लागला की नाशिकच्या भाड्याच्या घरांत एक वाद ठरलेला. भाडेकरू म्हणतो, घर गळतं. मालक म्हणतात, तुम्ही दारं-खिडक्या बंद ठेवता म्हणून ओल धरते. बऱ्याचदा दोघंही अर्धे बरोबर असतात, म्हणून तर वाद मिटत नाही. बुरशीला पाणी लागतं. ते गच्चीतून आलं, वरच्या बाथरूममधून आलं, जमिनीतून चढलं की घरातल्याच वाफेचं साठलं, हे एकदा नक्की झालं की खर्च कुणाचा हा प्रश्न निम्मा सुटतो. म्हणून आधी पाण्याचा माग काढायचा, पैशांचं नंतर बोलायचं.

घर बघायला जाल तेव्हा

शाळा आणि नोकऱ्यांच्या हिशोबाने आपल्याकडे घरं बदलली जातात ती एप्रिल ते जूनमध्ये. म्हणजे भिंती वर्षातल्या सर्वांत कोरड्या असताना, आणि वर ताजा रंग मारलेला असताना. अशा घरात ओल शोधायची तर डोळ्यांपेक्षा नाक जास्त कामाला येतं. बंद कपाट उघडून आत वास घ्या. कुबट वास रंगाने जात नाही. मग सिंकखालची जागा, बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत, खिडकीखालचा भाग आणि स्विचबोर्डचे स्क्रू बघा. स्क्रू गंजलेले असतील तर ती भिंत कधीतरी ओली होती. चारपैकी एकाच भिंतीला नवा रंग असेल तर कारण विचारायला लाजू नका.

वरच्या मजल्यावरचं घर असेल तर गच्चीवर चढून बघा. कोब्याला भेगा, पाणी साचल्याचे गोल डाग, पालापाचोळ्याने तुंबलेलं पावसाच्या पाण्याचं तोंड, यातलं काहीही दिसलं तर जुलैत काय होणार ते तिथेच कळतं. आणि शेजारच्या काकूंना विचारा, "पावसात गळतं का हो?" एजंट जे सांगणार नाही ते त्या दोन मिनिटांत सांगतील.

भागाप्रमाणे दुखणंही बदलतं. पंचवटी आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या जाड, माती-विटांच्या भिंतींत ओल खालून चढते. सिडकोत मूळ लहान घरांवर मालकांनी पुढे खोल्या आणि मजले चढवले. तिथे जुनं-नवं बांधकाम जुळतं त्या सांध्यातून पाणी शिरतं. गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, इंदिरानगर भागातल्या उंच इमारतींत बाहेरच्या प्लास्टरच्या बारीक भेगा त्रास देतात. पाऊस नैऋत्य-पश्चिमेकडून येतो, त्यामुळे त्या बाजूच्या भिंती सर्वांत जास्त मार खातात. गोदाकाठचं तळमजल्याचं घर घेत असाल तर मोठ्या पुरात पाणी कुठवर येतं ते विचारून घ्या. पुराचं पाणी ओसरलं तरी भिंत आतून महिनोन्‌महिने ओली राहते.

करार: अकरा महिन्यांचा गैरसमज

'अकरा महिन्यांचा आहे, रजिस्टर करायची गरज नाही' हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. महाराष्ट्रात ते चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार असो की लीव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि नोंदणीकृत लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर घर कोणत्या अटींवर दिलं याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. मालकांनी हे लक्षात ठेवावं. हजार रुपये वाचवायला जाऊन ते स्वतःचाच पुरावा गमावतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. त्याच कायद्याचं कलम १४ सांगतं की वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोग्या अवस्थेत ठेवणं मालकाला बंधनकारक आहे. पण ते 'भाडेकरू'साठी आहे. लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो. नाशिकमध्ये आज फ्लॅटमध्ये भाड्याने राहणारे बहुतेक जण याच प्रकारात मोडतात, आणि त्यांच्या बाजूने मुख्यतः कराराचे शब्दच उभे राहतात. छापील मसुद्यात सहसा इतकंच असतं की राहणाऱ्याने घर आहे त्या स्थितीत ठेवावं आणि नेहमीची झीज सोडून झालेलं नुकसान भरून द्यावं. ओलीबद्दल त्यात अवाक्षर नसतं. सही करण्याआधी एवढी ओळ घालून घ्या:

"गच्ची, बाहेरची भिंत, स्लॅब, भिंतीतील नळ किंवा शेजारील घरातून होणारी गळती व त्यामुळे येणारी ओल-बुरशी यांची दुरुस्ती मालक लेखी सूचनेपासून १५ दिवसांत सुरू करतील. घरातील वापरामुळे साठणाऱ्या दमटपणाची स्वच्छता राहणारी व्यक्ती करेल. दुरुस्ती न झाल्यास राहणाऱ्या व्यक्तीस एक महिन्याच्या सूचनेवर, लॉक-इन कालावधी लागू न होता, घर सोडता येईल."

शेवटचं वाक्य सर्वांत उपयोगाचं आहे (लॉक-इन म्हणजे ज्या काळात करार मोडून घर सोडता येत नाही तो काळ), आणि मालक सर्वांत आधी तेच खोडायला सांगतील. निदान त्यावर बोला तरी. राहायला जाण्याच्या दिवशी सगळ्या भिंतींचा सलग व्हिडिओ काढून मालकांना पाठवून द्या. वर्षभराने हाच व्हिडिओ कामाला येतो.

पाणी कुठून येतंय ते शोधा

डाग दिसला की आधी त्याच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढा आणि बाजूला तारीख लिहा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघा. पावसानंतर डाग रेघेबाहेर गेला आणि उघडीप मिळाल्यावर फिका पडला, तर पाणी बाहेरून येतंय. पाऊस असो-नसो तो वाढतच राहिला, तर पाण्याची लाइन, ड्रेनेज किंवा वरचं बाथरूम. ही रेघ पुढे सोसायटीच्या सेक्रेटरींसमोरही बोलते. नुसत्या "खूप ओल आहे हो" या तक्रारीला तितकं वजन नसतं.

मग डागाचा आकार बघा. जमिनीपासून कमरेपर्यंत, आडव्या पट्ट्यासारखी ओल, वर पांढरा लोणा (भिंतीतून बाहेर आलेला क्षार) आणि पोपडे: ही जमिनीतून चढलेली ओल. तळमजल्यावर आणि वाड्यांत हीच दिसते. छताला तपकिरी कडेचं वर्तुळ असेल तर वर गच्ची आहे की कुणाचं बाथरूम, ते बघा. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरका उतरलेला डाग म्हणजे चौकट आणि भिंत यांच्यामधली फट, किंवा खिडकीबाहेरच्या कट्ट्याचा उतार आत झालेला. आणि कपाटामागे, पलंगाच्या डोक्याशी, छताच्या कोपऱ्यात काळे-हिरवे ठिपके असतील, प्लास्टर घट्ट असेल, लोणा नसेल, तर ती घरातल्याच वाफेची करणी असण्याची शक्यता मोठी.

खात्री करायची तर स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइल घ्या. भिंत पुसून कोरडी करा, वीतभर तुकडा चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा आणि दीड-दोन दिवस तसाच ठेवा. खोलीच्या बाजूला थेंब जमले तर दोष घरातल्या दमट हवेचा. फॉइल काढल्यावर भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतूनच येतंय. वीस रुपयांत होणारी ही चाचणी मालक आणि भाडेकरू दोघांनी मिळून करावी, म्हणजे नंतर कुणी कुणाला खोटं पाडत नाही.

वरच्या घराचा संशय असेल तर त्यांच्या परवानगीने बाथरूमची नहाणी, म्हणजे पाणी जायचं भोक, कापडाने बंद करून जमिनीवर रंग मिसळलेलं पाणी काही तास साठवून ठेवतात. खाली रंग उतरला की वाद संपला. प्लंबरला हे नवीन नाही. पाण्याच्या लाइनीचा संशय असेल तर सगळे नळ बंद करून मीटर बघा. काटा हलत असेल तर पाणी कुठेतरी झिरपतंय.

'खिडक्या उघडा' या सल्ल्याबद्दल दोन शब्द. डिसेंबर-जानेवारीत तो एकदम बरोबर. नाशिकची थंडी, रात्री पारा दहाच्या खाली, गीझरची वाफ, उन्हाचं तोंड न बघणारी उत्तरेची भिंत: सकाळी तासभर समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की फरक पडतो. पण झडीच्या पावसात बाहेरचीच हवा घरापेक्षा दमट असते, तेव्हा सताड उघडी खिडकी ओल आत आणते. तेव्हा एक्झॉस्ट आणि पंखा चालवा, आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. आकडा सतत ६० टक्क्यांच्या वर राहिला तर बुरशीला मोकळं रान आहे असं समजा.

मग खर्च कुणाचा?

गच्ची, बाहेरच्या भिंती, बाहेरून जाणारे सामाईक पाइप आणि ड्रेनेज यांची गळती सहकारी सोसायटीत सोसायटीने दुरुस्त करायची असते. सर्वांत वरच्या मजल्यावर गच्चीतून पाणी झिरपून छताचं प्लास्टर खराब झालं, तर तेही आदर्श उपविधींमध्ये (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत) सोसायटीच्याच खात्यात आहे. पण भाडेकरू सोसायटीचा सभासद नसतो, म्हणून सोसायटीकडे अर्ज मालकाने करायचा. 'सोसायटी करत नाही, मी काय करू' हे मालकाचं उत्तर पुरेसं नाही. अर्जाची पोच दाखवा म्हणावं. नाशिकमध्ये अनेक इमारती सोसायटी नसून १९७० च्या कायद्याखालच्या 'अपार्टमेंट' आहेत. तिथे इमारतीचं घोषणापत्र (डिक्लरेशन) आणि फ्लॅटमालकांच्या असोसिएशनचे नियम बघायचे, पण सामाईक भाग सगळ्यांचा हे तत्त्व तेच.

वरच्या बाथरूममधून खाली गळत असेल तर तो वरच्या फ्लॅटधारकाचा प्रश्न. तिथेही बोलणी मालकांनी करावीत; भाडेकरूने वरच्यांशी भांडण उकरून राहणं अवघड करून घेऊ नये.

भिंतीत बसवलेले पाइप, खराब झालेलं वॉटरप्रूफिंग, स्लॅब, जमिनीतून चढणारी ओल हा मालकाचा खर्च. नळाचा वॉशर, तुंबलेली नहाणी, सिंकखालचा सैल पाइप हा राहणाऱ्याचा. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यातही विभागणी साधारण अशीच आहे: रचनेची दुरुस्ती, रंगसफेदी, पाइप बदलणं आणि वायरिंग मालकाकडे, नळ, ड्रेनेजची सफाई, बेसिन, बटणं, खिडकीच्या काचा राहणाऱ्याकडे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो कायदा बंधनकारक होत नाही, पण समोरासमोर बसून बोलताना आधार म्हणून ही यादी चांगली.

वाफेमुळे आलेली बुरशी साफ करणं राहणाऱ्याचं काम. बंद खोलीत दोरीवर कपडे वाळवणं, एक्झॉस्टचं भोक पुठ्ठ्याने बुजवणं, बाथरूमच्या टाइलला भोकं पाडून रॅक लावणं, यातून झालेलं नुकसान मालकाच्या माथी मारता येत नाही. मात्र बाथरूमला खिडकीच नाही, एक्झॉस्टही नाही, आणि वाफ बाहेर काढा म्हणायचं, हेही चालणार नाही. पंखा मालकाने बसवावा, चालवावा राहणाऱ्याने.

इमारत नवी असेल तर मालकांनी एक दार आधी ठोठवावं. रेरा कायद्याच्या (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या स्थावर संपदा कायद्याच्या) कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष बिल्डरच्या लक्षात आणून दिला तर त्याने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. नाही केला तर महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार करता येते. हा हक्क फ्लॅट घेणाऱ्याचा, आणि बरेच मालक तो न वापरताच भाडेकरूशी रंगाच्या पैशांवरून हुज्जत घालत बसतात.

कळवायचं कसं

फोन करा, पण त्याच दिवशी लेखीही पाठवा. व्हॉट्सअॅप चालेल. सूर तक्रारीचा नको, माहितीचा असू द्या:

"नमस्कार काका, बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीवर, खिडकीच्या उजव्या कोपऱ्याखाली ओल आली आहे. कालच्या पावसानंतर डाग वीतभर वाढला. फोटो पाठवतो आहे, कडेला पेन्सिलीने तारीख टाकली आहे. कपाट पुढे ओढलं आहे. शनिवार-रविवारी आपण किंवा आपला माणूस येऊन बघू शकाल का? तोपर्यंत भिंत पुसून ठेवतो, रंगाला किंवा प्लास्टरला हात लावत नाही."

कळवायला उशीर करू नका. डाग जूनमध्ये दिसला आणि मालकांना दिवाळीत सांगितलं, तर मधल्या काळात वाढलेल्या नुकसानीचा प्रश्न तुमच्यावर येतो. मालकांनीही "बघू" असं न लिहिता तारीख द्यावी. बघायला येताना आदल्या दिवशी सांगून यावं. घर तुमचं असलं तरी त्यात संसार दुसऱ्याचा चालू आहे.

साफ करताना

साधारण तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा मोठा भाग असेल, किंवा बुरशी पुन्हा पुन्हा येत असेल, तर घरच्या घरी खरवडत बसू नका. गळती थांबवून माणूस लावून काम करून घ्या. दमा असलेले, लहान मुलं, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेले यांनी त्या खोलीत थांबू नये. २०२१ मध्ये 'काळी बुरशी' हे नाव आपण सगळ्यांनी धास्तीने ऐकलं, म्हणून सांगतो: म्युकरमायकोसिस हा आजार आणि भिंतीवरचे काळे ठिपके यांचं नाव सारखं असलं तरी गोष्ट एक नाही. भिंतीवरच्या बुरशीने सहसा शिंका, खोकला, डोळ्यांची आग आणि दम्याचा जोर वाढतो, आणि तेवढं कारण ती काढायला पुरेसं आहे.

एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, जमलं तर चष्मा. खोलीचं दार बंद, खिडकी उघडी, पंखा बंद. आधी साबणाच्या पाण्याने डाग हलका ओला करा. कोरडा ब्रश मारला की बीजाणू घरभर उडतात. मग डिटर्जंटच्या पाण्याने घासा, स्वच्छ फडक्याने पुसा, आणि त्यानंतर पंखा लावून पूर्ण कोरडं करा. फडकी पिशवीत बांधून टाकून द्या. टाइलवर ब्लीच चालतं, प्लास्टरवर ते वरवरचा डाग पांढरा करतं आणि मूळ आत राहतं. एक गोष्ट मात्र कधीच करू नका: ब्लीच आणि संडास साफ करायचं अॅसिड एकत्र. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

भिजलेली गादी, उशा, जिप्समची सीलिंग २४ ते ४८ तासांत कोरडी झाली नाही तर ती वाचवण्यात अर्थ नसतो.

दुरुस्तीचा क्रम

पाणी थांबवा, भिंत वाळू द्या, मग पुट्टी-रंग. हा क्रम उलटा केला की पैसे वाया. ओल्या भिंतीवर पुट्टी ओढली की महिनाभरात पोपडे येतात, आणि मालक म्हणतात, "आत्ताच तर रंग दिला होता." गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि बाहेरच्या भेगा भरण्याचं काम फेब्रुवारी ते मेमध्ये करावं. ऑगस्टमध्ये ताडपत्री, गच्चीचं तोंड मोकळं करणं, खिडकीच्या फटीत सिलिकॉन भरणं इतकंच जमतं. तेवढं झालं तर भाडेकरूने कायमच्या कामासाठी उन्हाळ्याची लेखी तारीख घेऊन थांबायला हरकत नाही. मे उलटूनही काम निघालं नाही तर पुढची पायरी.

स्लॅबच्या सळया उघड्या पडल्या असतील, प्लास्टरचे तुकडे पडत असतील, वाड्याची भिंत फुगली असेल, तर हा विषय बुरशीचा राहिला नाही. महापालिकेच्या आपल्या विभागीय कार्यालयाला लेखी कळवा आणि त्या खोलीत झोपू नका. जुन्या वाड्यातल्या भाडेकरूंनी जागा सोडण्याआधी भाडेपावत्या, वीजबिलं आणि ताब्यातल्या जागेच्या मोजमापाची नोंद जपून ठेवावी आणि वकिलाशी बोलावं. रिकामी जागा परत मिळवणं फार कठीण जातं.

मालकांनी काहीच केलं नाही तर

जुने, खऱ्या अर्थाने 'भाडेकरू' असाल तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ खाली मालकाला किमान १५ दिवसांची नोटीस द्या, पोस्टाने. वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही तर तुम्ही ती करून खर्च भाड्यातून वजा करू शकता, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. बिलं आणि हिशोब नीट ठेवले तर खर्चाचा पुरावा म्हणून तेच मालकावर बंधनकारक असतात. आता गणित बघा. महिना ४,००० भाडं असेल तर वर्षाला १२,००० वजा होतात. त्यात एखादी भिंत होते. वाड्यात महिना २०० भाडं असेल तर मर्यादा येते ६०० रुपये, आणि त्यात गवंड्याची एक दिवसाची मजुरीही निघत नाही. म्हणून अनेक वाड्यांत भाडेकरू आपापसांत वर्गणी काढून पत्रे बदलतात. कायदा एकत्र दुरुस्तीला आणि भाड्याच्या प्रमाणात वजावटीला परवानगी देतो, तेव्हा नोटीसही एकत्रच द्या.

लीव्ह अँड लायसन्सवर असाल तर स्वतःहून भाडं कापू नका. त्याने तुमचीच बाजू कमजोर होते. "दुरुस्ती मी करून घेतो, बिल पुढच्या भाड्यातून वळतं करू का?" असं विचारा आणि होकार लेखी घ्या. तुमच्यासाठी १८८२ चा भारतीय सुखाधिकार अधिनियम आहे: जागेतला, माणसाला किंवा सामानाला धोका होईल असा दोष मालकाला माहीत असेल आणि तुम्हाला नसेल, तर तो आधी सांगणं मालकावर बंधनकारक आहे. मागच्या भाडेकरूनेही याच भिंतीची तक्रार केली होती, असं शेजाऱ्यांकडून कळलं तर ती माहिती मोलाची.

त्याने भागलं नाही तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. दाव्याआधीची तडजोड तिथे होऊ शकते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, पूरग्रस्त आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या कितीतरी जणांना आपण या यादीत आहोत हेच माहीत नसतं. सोसायटी दाद देत नसेल तर मालकांनी सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करावी.

घर सोडताना

डिपॉझिटमधून 'बुरशी झाली' म्हणून रंगाचे पैसे कापले जातात, तेव्हा राहायला आलेल्या दिवसाचा व्हिडिओ, पेन्सिलीच्या रेघांचे फोटो आणि व्हॉट्सअॅपचे मेसेज एकत्र पुढे ठेवा. पाणी गच्चीतून आलेलं असेल तर रंग तुमच्या खात्यात येत नाही. वाफेची बुरशी असेल तर सोडण्याआधी भिंत स्वतः साफ करून वाळवून द्या. मालकाच्या रंगाऱ्यापेक्षा ते स्वस्त पडतं. कपात मान्य करायचीच असेल तर बिल मागा, आणि फक्त त्या भिंतीचं द्या, सगळ्या घराच्या रंगाचं नाही. चावी देण्याआधी मालकांसोबत एकदा सगळ्या खोल्या फिरा, कपाटामागच्या भिंतीसकट, आणि परत मिळणाऱ्या रकमेचा आकडा व तारीख तिथेच लिहून दोघांच्या सह्या घ्या.